पाठ टेकावी म्हणून

दीड महिना त्या गृहस्थांची पाठ अंथरुणाला टेकली नव्हती. उभी हयात एसटीत चालक म्हणून गेलेली. रात्री-अपरात्री घाट चढवणारा, उतरवणारा हा माणूस माझ्या ओपीडीच्या बाकावर पुढे वाकून बसला होता. मांडीवर चादरीची जाड घडी, तिच्यावर पोट घट्ट दाबलेलं, दोन्ही हातांनी गुडघे धरलेले. शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मॅडम, हे असेच बसून झोपतात. समोर दोन उशा रचून देते, त्यांच्यावर कपाळ टेकवतात. उताणं करायला गेलं की ओरडतात." मी विचारलं, "काका, किती दुखतं?" ते मान न उचलता म्हणाले, "चालतंय."

त्यांच्याबरोबर आलेली फाइल जाडजूड होती. स्वादुपिंडाचा कर्करोग, मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेला, म्हणून शस्त्रक्रिया शक्य नाही, असं निदान. स्कॅनचे अहवाल, रक्ताचे अहवाल, केमोच्या तारखा, दर खेपेचं वजन, सगळं क्रमाने लावलेलं. मात्र हा माणूस रात्री किती तास झोपतो, त्याचं कुठे दुखतं, दिलेल्या गोळीने किती वेळ बरं वाटतं, याबद्दल चार महिन्यांच्या त्या कागदांत एक ओळ नव्हती. कुणी निष्काळजी होतं असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं होतं. फक्त, दुखणं बघणं हे कुणाच्याच वाट्याला आलेलं काम नव्हतं.

हे पुस्तक त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे. पोटातल्या कर्करोगाची वेदना असह्य होते तेव्हा ती वाहून नेणाऱ्या नसाच सुईने औषध देऊन बंद करता येतात. आम्ही त्याला 'नर्व्ह ब्लॉक' म्हणतो. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे, तरी ज्यांना तिची गरज आहे अशा कितीतरी घरांपर्यंत ती पोचतच नाही, आणि पोचते तेव्हा फार उशीर झालेला असतो. मला सांगायचं आहे ते एवढंच: हा ब्लॉक 'आता दुसरं काही उरलं नाही' म्हणण्याच्या वेळेसाठी राखून ठेवू नका. वेदना वाढू लागली, गोळ्यांचे डोस चढू लागले, की तेव्हाच त्याबद्दल विचारा. असं का, ते पुढे सविस्तर येईलच. पण आधी हे दुखणं आहे तरी कसं, ते समजून घेऊ.

मराठीत दुखण्याला शब्द कमी नाहीत. दात ठणकतो, जखम चुरचुरते, डोळे झोंबतात, कंबरेत उसण भरते, पोटरीत गोळा येतो, बरगडीत चमक निघते, पोटात मुरडा येतो. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं दुखणं सांगताना भले भले बोलणारे अडखळतात. कुणी म्हणतं, आतून कुणीतरी पोखरतंय. एक आजी म्हणाल्या होत्या, "पोटातून आरपार पाठीत खुंटी ठोकल्यागत होतंय." जागा बोटाने दाखवा म्हटलं, तर माणसं बोट ठेवत नाहीत, सगळा तळवा बेंबीच्या वरच्या भागावर फिरवतात आणि मग हात मागे नेऊन पाठ दाखवतात. यात त्यांची चूक नाही. त्वचेला काटा टोचला तर नेमकी जागा कळते, कारण त्वचेत नसांची दाट पेरणी आहे. आतल्या अवयवांत त्या विरळ आहेत, आणि अनेक अवयवांच्या नसा मज्जारज्जूत एकाच जागी येऊन मिळतात. त्यामुळे आतलं दुखणं पसरट आणि खोल असतं, आणि पाठीत किंवा खांद्यात भलतीकडेच जाणवतं. आतडं कापलं तरी त्याला फारसं कळत नाही. पण तेच ताणलं, पिळवटलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की माणूस गडबडा लोळतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची आणखी एक वाईट खोड म्हणजे तो नसांच्या आवरणांत शिरून त्यांच्या बाजूने सरकत जातो. तिथे नुसत्या दाबाचा प्रश्न उरत नाही, नसच आजारी पडते.

या सगळ्या वेदना मेंदूकडे जातात कशा? जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, प्लीहा, लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग, या सगळ्यांतून निघणारे वेदनेचे तंतू एका जाळ्यात येऊन मिळतात. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या पातळीवर, शरीराच्या सर्वांत मोठ्या धमनीच्या अगदी पुढे, हे जाळं पसरलेलं असतं. त्याचं नाव सीलियॅक प्लेक्सस. जठराच्या मागे, स्वादुपिंडाला खेटून. तिथून स्प्लँक्निक नावाच्या नसा निघतात, कण्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढतात आणि छातीच्या पाचव्यापासून बाराव्या मणक्यापर्यंतच्या टप्प्यात मज्जारज्जूला मिळतात. मनमाडला किंवा दौंडला जसे वेगवेगळ्या दिशांचे रूळ एकत्र येतात, तसं हे पोटातलं जंक्शन आहे. म्हणूनच स्वादुपिंडाचा कर्करोग असो, पित्ताशयाचा असो की जठराचा, वेदनेची वाट अडवायची तर ती याच एका ठिकाणी अडवता येते. काका पुढे वाकून का बसत होते, तेही इथेच समजतं. उताणं झोपलं की गाठीचा तो भाग कण्यावर ताणला जातो, वाकलं की जरा सैल पडतो. असा वाकून बसलेला रोगी दारातून आत येताना दिसला, की फाइल उघडण्याआधीच दुखण्याचा पत्ता लागतो.

ही वाट अडवायची कल्पना भूलशास्त्राच्या पोटातून आली. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला आणि शरीराचा एकच भाग बधिर करता येतो हे जगाला कळलं. पुढच्या तीस वर्षांत सर्जन एकेक नस शोधत आत गेले. १९१४ मध्ये माक्स काप्पिस या जर्मन सर्जनने पाठीतून सुई घालून पोटातल्या या जाळ्यापर्यंत पोचण्याची पद्धत मांडली. त्यांना हवी होती ती शस्त्रक्रियेपुरती भूल. सुई कण्याच्या हाडाला टेकवायची, हाताला लागेल त्या अंदाजाने पुढे सरकवायची, एवढंच साधन त्यांच्यापाशी होतं. कर्करोगाच्या वेदनेसाठी या जागी अल्कोहोल देऊन नसा दीर्घकाळ बंद करण्याचं वर्णन १९५७ मध्ये झालं, आणि १९६४ मध्ये अमेरिकेत सिअॅटलच्या डॅनियल मूर यांच्या गटाने पोटाच्या वरच्या भागातल्या कर्करोगासाठी ही पद्धत तपशिलात लिहिली. त्यानंतर बदल झाले ते मुख्यतः बघण्यात. आधी एक्स-रेचा पडदा आला, मग सीटी स्कॅन, मग सोनोग्राफी. १९९६ मध्ये तोंडावाटे जठरात उतरवलेल्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी बसवून जठराच्या भिंतीतूनच सुई देण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. वाटा निराळ्या, पण पोचायचं ते काप्पिस यांनी गाठलेल्या त्याच जागी.

प्रत्यक्षात काय होतं ते काकांच्याच उदाहरणावरून सांगते. आधी रक्त गोठण्याच्या तपासण्या आणि प्लेटलेट पाहिले. सलाइन लावलं, कारण ब्लॉकनंतर रक्तदाब उतरू शकतो. मग एक्स-रेच्या टेबलावर, पोटाखाली उशी देऊन, त्यांना पालथं केलं. एरवी रोगी पालथं व्हायला कुरकुरतो, प्रसंगी कुशीवर घेऊन काम करावं लागतं. काकांना मात्र पोटाखाली उशी मिळाली हे उलट सोयीचंच वाटलं. झोप येईल न येईल इतपत गुंगीचं औषध दिलं. शेवटच्या बरगडीच्या खालची, कण्यापासून चार-पाच बोटं दूरची कातडी बधिर केली आणि वीतभर लांबीची बारीक सुई तिरकी आत नेली. पडद्यावर मणक्याची कड दिसत होती, तिला घासून सुई पुढे गेली. टोक जागेवर आल्यावर एक्स-रेत दिसणारा रंग सोडला. तो मणक्याच्या पुढे पसरला, रक्तवाहिनीत शिरला नाही, मागे मज्जारज्जूकडे सरकला नाही, हे दोन दिशांनी बघून घेतलं. मग थोडं बधिरतेचं औषध. "काका, पायाची बोटं हलवा. दोन्ही. अजून एकदा." बोटं हलली. मग दुसऱ्या बाजूला तेच सगळं. आणि शेवटी अल्कोहोल, अगदी सावकाश. ते जाताना पोटात आणि पाठीत आग झाल्यासारखं होतं. ते आधी सांगून ठेवलं, तर माणूस घाबरत नाही. सगळं मिळून तासाभरात आटोपलं.

अल्कोहोल तिथल्या तंतूंमधली प्रथिनं गोठवतं आणि निरोप थांबतो. काही ठिकाणी आधी एक दिवस नुसतं बधिरतेचं औषध देऊन बघतात आणि आराम पडला तरच अल्कोहोल वापरतात. या तंतूंना पुन्हा वाढायची सवय असते. म्हणून ब्लॉकचा उपयोग साधारण तीन ते सहा महिने टिकतो. वेदना परतली, तर तो पुन्हा करता येतो.

घरच्यांना पडणारे प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, आणि त्यांतला एकही मला क्षुल्लक वाटत नाही. पहिला प्रश्न भाषेतूनच येतो. आपण 'नस' म्हणतो ते शिरेलाही आणि मज्जातंतूलाही. "नस बंद करणार, म्हणजे रक्त बंद होणार का? पाय लुळे पडणार का?" उत्तर असं की हातापायांच्या नसा या जाळ्यातून जातच नाहीत. चालणं, लघवी, संवेदना यांच्या वाटा निराळ्या आहेत. तरीही धोका शून्य नाही, कारण मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या जवळपासच असतात. ब्रिटनमध्ये १९८६ ते १९९० या काळातल्या २,७३० ब्लॉकचा हिशेब १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत चौघांचे पाय कायमचे गेले होते, म्हणजे सुमारे सातशेत एक. हा आकडा मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. लपवला, तर त्यांच्या विश्वासाला जागले असं म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न एका माळकरी बाईंनी विचारला होता. गळ्यात तुळशीची माळ, तीस वर्षांची वारी. "अल्कोहोल म्हणजे दारूच ना, मॅडम? माझी माळ मोडेल." मी त्यांना औषधाची सीलबंद कुपी दाखवली. सांगितलं, की हे पिण्याचं नाही, नस झोपवायचं औषध आहे. तरी मन तयार नसेल, तर फिनॉल नावाचं दुसरं औषध याच कामासाठी आहे. त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाल्या, "जे चांगलं बसेल ते द्या. पांडुरंगाला सगळं कळतं." माणसाचं दुखणं थांबवायला निघालेल्या डॉक्टरला त्याच्या श्रद्धेला धक्का देऊन चालणार नाही, हे मी त्या दिवशी पक्कं शिकले.

आता गुण किती येतो ते बघू. १९९५ मध्ये २४ अहवालांतल्या १,१४५ रुग्णांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन आठवड्यांत सुमारे ८९ टक्के रुग्णांना चांगला आराम पडला होता, आणि तीन महिन्यांनी जे हयात होते त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्क्यांना थोडा ना थोडा आराम टिकून होता. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे: सुई दिलेल्या जागी तात्पुरतं दुखणं जवळजवळ सगळ्यांना, जुलाब ४४ टक्क्यांना, रक्तदाब उतरणं ३८ टक्क्यांना. जुलाब बहुतेकदा काही दिवसांत थांबतात. मॉर्फिनमुळे आठ-आठ दिवस पोट साफ न होणाऱ्या रोग्याला तर ते थोडे बरेच वाटतात. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १०० रुग्णांवर केलेल्या चाचणीने मात्र आमच्या उत्साहाला योग्य मर्यादा घातली. ब्लॉक झालेल्यांपैकी १४ टक्क्यांनी पहिल्या सहा आठवड्यांत मध्यम ते तीव्र वेदना सांगितली, न झालेल्यांपैकी ४० टक्क्यांनी. हा फरक मोठा आहे. पण मॉर्फिनसारख्या औषधांचा एकूण वापर, जगण्याची एकंदर प्रत आणि आयुष्याची लांबी यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. २०११ मध्ये सहा चाचण्यांतल्या ३५८ रुग्णांचा आढावा घेतला गेला, त्यात वेदनेबरोबर या औषधांची गरजही कमी झालेली दिसली.

याचा अर्थ घरच्या भाषेत असा: ब्लॉकने कर्करोग बरा होत नाही, आयुष्य वाढेल असं वचन देता येत नाही, आणि सगळ्या गोळ्या सुटतीलच असंही नाही. दहापैकी नऊ असलेलं दुखणं तीनवर येतं. ते नवावर असतं तेव्हा माणसाचा सगळा दिवस दुखण्यात जातो. तीनवर आलं, की त्याला जेवणाची चव कळते, नातवाचं बोलणं ऐकू येतं, सही करायचे राहिलेले कागद आठवतात.

आणि आता मूळ मुद्दा: वेळ. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. आधी साधी वेदनाशामकं, मग सौम्य अफूजन्य औषधं, मग मॉर्फिन. या शिडीने जगभर लाखो लोकांचं भलं केलं. पण ब्लॉकला तिच्यात ठरलेली पायरी नव्हती, म्हणून तो चौथी पायरी, म्हणजे सगळ्यांत शेवटची गोष्ट, समजला जाऊ लागला. पोटाच्या कर्करोगात ही समजूत महाग पडते. गाठ वाढते तशी ती त्या जाळ्याभोवतीची मोकळी जागाच व्यापते. मग सुई नेमकी पोचली, तरी औषध पसरायला वाट राहत नाही. वेदना जितकी जुनी, तितकी ती मज्जारज्जूत आणि मेंदूत मुरते, आणि मुरलेली वेदना एक वाट बंद करून थांबत नाही. तोवर रोग पोटाच्या भिंतीत, पाठीच्या हाडांत पसरलेला असेल, तर त्या वेदनेच्या वाटा या जंक्शनवरून जातच नाहीत; तिच्यासाठी निराळे ब्लॉक, कधी रेडिएशन लागतं. उशिरा येणारा रोगी इतका खंगलेला असतो, की रक्तदाबाचा साधा उतारही त्याला झेपत नाही. आतडं अडलेलं असेल, तर ब्लॉकच करता येत नाही. २०११ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ९६ रुग्णांपैकी निम्म्यांना निदानाच्या वेळीच दुर्बिणीतून ब्लॉक दिला गेला. तीन महिन्यांनी त्यांची वेदना इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

मग उशीर का होतो? रोगी सांगत नाही, कारण दुखतंय म्हटलं तर केमो थांबवतील, नाहीतर रोग वाढला असं निघेल, ही धास्ती. घरचे सांगत नाहीत, कारण कर्करोग म्हटल्यावर दुखायचंच, असं त्यांनी धरून चाललेलं असतं. आम्ही डॉक्टर विचारत नाही, कारण गाठीचा आकार मोजता येतो, दुखण्याचा आकडा रोग्याच्या तोंडून घ्यावा लागतो आणि त्यासाठी खुर्ची ओढून जवळ बसावं लागतं. आपल्याकडे सोसण्याला मोठेपणा आहे. पण सोसण्याने गाठ आकसत नाही. त्याने फक्त रात्री जागवल्या जातात.

ब्लॉकचा पुरस्कार करताना मॉर्फिनची बाजूही घ्यायला हवी, कारण या दोघांत भांडण नाही. आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या परवान्यांच्या जंजाळामुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं, आणि डॉक्टरांच्या पिढ्या ते न वापरता मोठ्या झाल्या. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, वैद्यकीय गरजेच्या औषधांसाठी नियम सोपे झाले. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधं तोंडाने घ्यायचं मॉर्फिन गावोगाव पोचवून दाखवलं. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी हे अजून व्हायचं आहे. ब्लॉक झाल्यावरही मॉर्फिन एका दिवसात बंद करायचं नसतं. आराम पडल्यावर जुनाच डोस चालू ठेवला, तर गुंगी जास्त येते, श्वास मंदावतो. एकदम थांबवला, तर शरीर अस्वस्थ होतं. डोस पायरी-पायरीने उतरवायचा असतो, आणि तो किती व कसा हे घरी जाताना कागदावर लिहून घ्यायचं असतं.

ओटीपोटातल्या कर्करोगासाठी या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे, आणि ते मी मुद्दाम स्त्रियांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आपल्या देशात बायकांमध्ये फार आढळतो. गर्भाशय, मूत्राशय, गुदाशय यांच्या वेदना सीलियॅकमधून जात नाहीत. त्या कमरेचा शेवटचा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्या सांध्यापुढे असलेल्या दुसऱ्या जाळ्यातून जातात. १९९० मध्ये मेक्सिकोच्या रिकार्डो प्लांकार्ते यांनी ते जाळं बंद करण्याची पद्धत सांगितली, आणि माकडहाडापुढच्या मज्जातंतूंच्या एका छोट्या गाठीचा, गँग्लिऑन इम्पारचा, ब्लॉकही त्यांनीच पुढे आणला. गुदद्वार आणि योनीभोवतीच्या जळजळत्या वेदनेला त्याचा उपयोग होतो. या जागेचं दुखणं बायका सांगत नाहीत. एक बाई ओपीडीत तासभर उभ्या होत्या. बसा म्हटलं, तर "असू दे" म्हणायच्या. नवरा बाहेर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "खाली निखाऱ्यावर बसल्यावाणी होतंय. कुणाला सांगायचं?" तीन महिने त्या उभ्याने किंवा कुशीवर पडून जेवत होत्या. उभा राहणारा रोगीही वाकून बसणाऱ्यासारखाच आपल्याला काही सांगत असतो.

एवढं सगळं लिहूनही एक गोष्ट सुईच्या टप्प्याबाहेर राहते. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी वेदनेची चार अंगं सांगितली: शरीराची, मनाची, माणसांतली आणि श्रद्धेची. आपल्याकडे १९८६ पासून मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन याच विचाराने चाललं आहे. मुलीच्या लग्नाची विवंचना, सावकाराचं देणं, 'माझंच का?' हा प्रश्न, हे अल्कोहोलने गोठत नाही. पण माझा अनुभव सांगते: पोटातली कळ थांबल्याशिवाय माणूस या गोष्टी बोलायलाच लागत नाही. ब्लॉकनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोगी रडला, तर घरचे घाबरतात. घाबरू नका. त्याला रडायला पहिल्यांदाच उसंत मिळालेली असते.

पुस्तकाची मांडणी साधी आहे. पहिल्या भागात पोटातल्या वेदनेची ओळख, दुसऱ्यात निरनिराळे ब्लॉक चित्रांसह, तिसऱ्यात ब्लॉकच्या आधीची आणि नंतरची घरची काळजी, चौथ्यात कुटुंबाच्या डॉक्टरांसाठी आणि गावातल्या परिचारिकांसाठी टिपणं: कुणाला पाठवावं, केव्हा पाठवावं, कोणती औषधं आधी थांबवावीत. शेवटी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांचं एक पान आहे. ते फाडून खिशात ठेवलं, तरी चालेल. ब्लॉक कुठे करावा, याबद्दल एवढंच सांगते, की वेदनाचिकित्सेचं प्रशिक्षण घेतलेला, पडद्यावर बघून सुई देणारा आणि धोक्याचा आकडा न विचारता सांगणारा डॉक्टर शोधा. या पुस्तकाच्या आधाराने कुणी स्वतः औषध बदलू नये. पुस्तकाने तुम्हाला योग्य दारापर्यंत न्यावं, एवढीच अपेक्षा आहे.

काकांचं राहिलं. ब्लॉकनंतर काही तास आडवंच राहावं लागतं. संध्याकाळी राउंडला गेले, तेव्हा ते उताणे झोपले होते. त्यांच्या पत्नी पायाशी स्टुलावर बसल्या होत्या, आणि ती चादरीची घडी आता त्यांच्या मांडीवर होती. लागलीच तर असावी, म्हणून. माझी चाहूल लागून काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाठ टेकली, मॅडम." त्यानंतर ते दहा आठवडे जगले. शेवटच्या पंधरवड्यात दुखणं थोडं परतलं, तेव्हा मॉर्फिनच्या छोट्या डोसवर भागलं. ते घरी गेले, स्वतःच्या पलंगावर. हे समाधान माझ्यापाशी आहे. पण उशांवर कपाळ टेकवून काढलेला त्याआधीचा दीड महिनाही माझ्यापाशी आहे, आणि तो भरून देता येत नाही.

त्या दिवसापासून मी प्रश्न बदलला. 'किती दुखतं?' असं विचारलं, तर आपली माणसं 'चालतंय' म्हणतात. मी विचारते, "रात्री पाठ टेकली का?" त्याला खोटं उत्तर देता येत नाही, आणि दिलं, तरी शेजारी उभी असलेली बायको मान हलवते. तुमच्या घरात पोटाच्या कर्करोगाचा रोगी असेल, तर पुस्तक नंतर वाचा. आज रात्री त्याला एवढंच विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर उद्या सकाळी ते फाइलमध्ये लिहून घ्यायला लावा.